खिळे जुळविणारा हात



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांची तांबडी शाई माझ्या शुद्धलेखनाच्या वहीइतकी क्वचितच कोणाच्या वहीत सांडली असेल. पुढे त्याच विषयावर माझे पोट चालावे, हा दैवाचा विनोद.

१९६६ साली दांडिया बाजारापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका छापखान्यात मी जुळारी म्हणून लागलो. बडोदे हे वाचणाऱ्यांचे शहर. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. त्यामुळे ग्रंथांपासून मुंजीच्या पत्रिकांपर्यंत, मराठीत आणि गुजरातीत, छपाईला तोटा नसे. गुजराती अक्षराला शिरोरेघ नाही. देवनागरीत मात्र खिळा थोडा झिजला की रेघ तुटे आणि शब्दाचे डोके फुटल्यासारखे दिसे.

डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने केसच्या घरांतून एकेक खिळा उचलायचा. अक्षरे उलटी, डोके खाली. ओळ तशीच वाचायची. मात्रांचे, अनुस्वारांचे, जोडाक्षरांचे खिळे निरनिराळे. इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक घरे. कोणते अक्षर कोठे आहे हे बोटांना ठाऊक असावे लागे, कारण डोळे हस्तलिखितावर असत. १९६२ च्या लेखननियमांनी बरेच अनुस्वार गेले, पण आमच्याकडील वृद्ध लेखक ते सोडावयास तयार नव्हते; एकाच दिवशी दोन मराठी जुळवाव्या लागत. छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात. त्या कामाचे फार गोडवे गाऊ नयेत. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या त्या धातूने बोटे काळी होत, आणि हात न धुता जेवायला बसणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागे.

आता एक कबुली. १९८७-८८ च्या सुमारास संगणकाची वार्ता आली. माझ्या हाताखाली एक होतकरू मुलगा होता. त्याने विचारले, ‘‘काका, शिकून घेऊ का?’’ मी म्हटले, ‘‘त्या यंत्राला ‘कार्त्स्न्य’ जुळवून दाखवू दे, मग बोलू.’’ सारा छापखाना हसला. मुलगा थांबला.

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. आयआयटी कानपूरला आरंभ झालेले ‘जिस्ट’ हे तंत्र तिने पुढे नेले. त्यात उच्चाराच्या क्रमाने कळा दाबायच्या. अक्षराचे रूप कोणते, हे यंत्रच ठरवी. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मुद्दाम ‘कार्त्स्न्य’ सांगितले. चालविणाऱ्या मुलीने शब्दाचा अर्थही न विचारता तो पडद्यावर उमटविला. कोणते रूप कोणत्या घरात, हीच आमची सारी विद्या होती; तीच यंत्राने उचलली.

१९९३ मध्ये आमचे खिळे भंगाराच्या तराजूत गेले. मला वयाची सव्वीस वर्षे दिलेले काम तीन दुपारींत वजन करून संपले. मी मुद्रितशोधनावर निभावून नेले. त्या मुलाची मात्र उमेदीची पाच वर्षे माझ्या विनोदात गेली. त्याने संगणक शिकला, तोपर्यंत त्याच्याहून धाकटे त्याच्या पुढे निघून गेले होते. यंत्राने माझा धंदा नेला, याचा मला राग नाही. पण त्या उत्तरात ज्ञान किती होते आणि भीती किती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे.

आज त्याचे स्वतःचे छोटे दुकान आहे. या समारंभाची पत्रिका त्यानेच केली आणि तिचे मुद्रित मला मोबाइलवर धाडले. ‘स्मृतीव्याख्यान’ असे होते. समासात ‘ति’ ऱ्हस्व. पूर्वी एक वेलांटी बदलायची तर सारी ओळ सैल करून पुन्हा बसवावी लागे. मी दूरध्वनी केला, आणि मी तो खाली ठेवण्यापूर्वीच सुधारलेली पत्रिका आली होती. खाली त्याने लिहिले होते, ‘‘काका, आणखी काही?’’