एक परवाना, सारा देश



२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवलीतील दुकाने पाण्याखाली गेली. अशा वेळी विमा उतरवलेल्याचे नुकसान किती झाले, हे पाहून ठरवणारा माणूस म्हणजे सर्व्हेअर. अमेरिकेत हे काम करणाऱ्याला अनेक राज्यांत वेगवेगळे परवाने काढावे लागतात. आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाचा एकच परवाना देशभर चालतो. ठाण्याचा सर्व्हेअर सुरतेतही पाहणी करू शकतो. विभाग मात्र वेगळे: आग, मोटार, सागरी माल, पीक वगैरे. ज्या विभागाची पात्रता, त्याचेच काम.

आपल्याकडे मुलगा डिप्लोमावर थांबला की घरचे कपाळाला हात लावतात. तसे करू नका. मोटार विभाग ऑटोमोबाइल वा मेकॅनिकल डिप्लोमावाल्यालाही खुला आहे. गॅरेजात वाढलेल्या मुलाला कोणता भाग दुरुस्त होतो आणि कोणता बदलावाच लागतो, हे पुस्तकाआधी कळते. पुढे अनुभवी सर्व्हेअरकडे उमेदवारी आणि परीक्षा, एवढी चिकाटी हवी.

आणखी एक गोष्ट हवी. फी विमा कंपनी देते, पण अहवालाकडे डोळे लावून बसलेला असतो दुकानदार. दोघांशीही खरे बोलणारा माणूस घडवणे, हे घराचे आणि शाळेचे काम आहे.