अग्रक्रम कोणाचा?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी भाषांतरकार आहे. शब्द पारखणे हे माझे काम. कंपन्यांचे शाश्वत विकासाविषयीचे अहवाल वाचताना मी एका शब्दापाशी अडलो. तो शब्द म्हणजे 'मटेरियल'. आपल्या वाङ्मयात त्याचा अर्थ 'भौतिक'. या अहवालांत मात्र तो हिशेबनिसांच्या परिभाषेतून आला आहे. जी बाब कळल्याने गुंतवणूकदाराचा निर्णय बदलू शकतो, ती 'मटेरियल', म्हणजे दखलपात्र. दखल घेणारा कोण, हे त्या शब्दातच ठरून गेले आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ ध्येये स्वीकारली. दारिद्र्यनिर्मूलन, प्रतिष्ठेचे काम, विषमता कमी करणे, हवामानबदलाला आवर घालणे, हे सारे त्यांत आहे. कंपन्या बहुधा त्यांतून निवड करतात. त्याची रूढ रीत अशी: प्रश्नांची यादी करायची, हितसंबंधितांची मते घ्यायची आणि आलेख काढायचा. एका अक्षावर हितसंबंधितांना वाटणारे महत्त्व, दुसऱ्यावर धंद्यावर होणारा परिणाम. दोन्हींत वरचढ ठरतील ते प्रश्न अग्रक्रमाचे.

रीत शास्त्रीय दिसते. पण भागधारक, बँका, ग्राहक आणि कामगार यांपैकी कोणाच्या मताला किती वजन द्यायचे, हे व्यवस्थापनच ठरवते. विजेची बचत केली की खर्च वाचतो. तो प्रश्न सहज वर चढतो. कंत्राटी कामगाराला कायम केले की खर्च वाढतो. तो प्रश्न तळाशी राहतो. विजेची बचत वाईट, असा याचा अर्थ नव्हे. निवडीची कसोटी नफा आहे, एवढाच याचा अर्थ.

या कसोटीची किंमत भोपाळने मोजली आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या वायूच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने आधीच बंद करण्यात आली होती. सुरक्षिततेबद्दल कामगारांनी त्यापूर्वी आवाज उठवला होता. कामगारांच्या आणि भोवतालच्या वस्त्यांच्या दृष्टीने जो जीवनमरणाचा प्रश्न होता, तो कंपनीच्या दृष्टीने खर्चाची बाब होता.

आता आपल्या देशातील नियम पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. पण केवळ स्वतःच्या कामगारांच्या हितासाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. दखलपात्र प्रश्न कोणते, हे त्यातही कंपनीच ठरवते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कंपनीचा समाजावर व निसर्गावर होणारा परिणामही मोजण्याचे बंधन घातले. परंतु २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच स्पर्धाक्षमतेच्या नावाखाली त्याचा व्याप कमी करण्याचा प्रस्ताव मांडला.

मग हे सारे ढोंग म्हणून बाजूला सारायचे काय? साथींनो, ती चूक ठरेल. सेबीच्या अहवालात मान्यताप्राप्त युनियनचे किती सभासद आहेत, किमान वेतन किती जणांना मिळते, अपघात किती झाले, ही माहिती देणे बंधनकारक आहे, आणि हा अहवाल जाहीर असतो. तो मिळवा. त्यातील आकडे खात्याखात्यातील प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहा. तफावत असेल ती गेट सभेत मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत कामगार बोलतात त्या भाषेत मांडा. अग्रक्रमाची यादी होते तेथे युनियनला स्थान हवे, कंत्राटी कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला विचारले गेले पाहिजे, ही मागणी मागणीपत्रकात घाला.

पृथ्वी वाचवण्याचा प्रश्न कामगारवर्गाचाच आहे; धूर प्रथम त्याच्याच छातीत जातो. तेव्हा त्या प्रश्नाचा अग्रक्रम ठरवण्याचा हक्कही त्याने मागितला पाहिजे.