पोहणाऱ्याचा दम



दम लागला की नाही हे सांगायला व्याख्याता कशाला हवा, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. आम्हीही पाठीला भोपळा बांधून विहिरीतच पोहायला शिकलो. दम लागला की काठ धरायचा, एवढेच तिथले शास्त्र! परंतु आज अकरा-बारा वर्षांची मुले पहाटे तलावात दोन-दोन किलोमीटर पोहतात, आणि त्यांना श्रम किती झाले हे काठावरचे शिक्षक ठरवतात.

त्या बिचाऱ्यांना दिसते तरी काय? धावणाऱ्याचा घाम दिसतो, धाप ऐकू येते. पाण्यात घाम दिसत नाही, आणि श्वास तर हाताच्या फेऱ्याला बांधलेला. गळ्यावर बोटे ठेवून दहा सेकंदांचे ठोके मोजावेत व सहाने गुणावे, हा उपाय आहेच. पण पाण्यात आडव्या शरीराची नाडी जमिनीवरच्यापेक्षा काहीशी मंद चालते, आणि थांबताच झपाट्याने उतरते.

गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात सरळ माणसालाच विचारण्याची रीत बसवली. त्याची मोजपट्टी ६ ते २०. विचित्र खरी, पण आकड्यापुढे शून्य मांडले की नाडीचा ढोबळ अंदाज येतो! पुढे ० ते १० ही सुटसुटीत पट्टी आली. सरावानंतर अर्ध्या तासाने विचारलेला आकडा मिनिटांनी गुणायचा. साठ मिनिटांच्या सरावाला शिक्षक ३ म्हणाले तर भार १८०. मुलगा ५ म्हणाला तर ३००.

हा फरक कल्पनेतला नव्हे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हलका म्हणून आखलेला सराव पोहणाऱ्यांना जड वाटला, आणि जड आखलेला हलका. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात लहान मुलांचे आकडे शिक्षकांशी कमी जुळले, मोठ्यांचे अधिक. म्हणून मुले चुकतात, असे म्हणायला आम्ही तयार नाही. हलक्या दिवशी मुले शेजाऱ्याशी शर्यत लावतात, आणि खऱ्या मेहनतीच्या दिवशी अंगात जोर उरत नाही.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी वहीत ३ लिहिले होते. बारा वर्षांच्या मुलीला विचारले, तर ती त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. कोणत्या आकड्याने सर खूश होतील, हे ती शोधीत होती! त्यांनी वही मिटली, बाकीच्यांना घरी धाडले आणि पुन्हा विचारले. ती म्हणाली, "सात." परीक्षेसाठी ती चार रात्री जागत होती. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला निम्माच सराव दिला.