करवतीचे इंजिन आणि नमुना-विमान

तुम्ही मावळातले असाल, तर तो आवाज तुमच्या कानांत अजून असेल. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, घाट ओलांडून आमच्या लोणावळ्यावरून पुढे गेले, आणि मागे आडवी झालेली झाडेच झाडे ठेवून गेले. मग कित्येक दिवस पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत रस्तोरस्ती किंचाळत होती. आपल्याकडे तिला सगळे सरळ 'कटर' म्हणतात. त्या दिवसांत राबलेली, पट्टी वाकलेली, साखळी झिजलेली एखादी करवत अजून तुमच्या पडवीत पडली असेल. ती भंगारात घालण्यापूर्वी जरा थांबा. तिच्या पोटात विमानाचे इंजिन आहे.

खऱ्या विमानाचे नव्हे हो! दोन-सव्वादोन मीटर पंखांच्या, जमिनीवरून चालवायच्या नमुना-विमानाचे. तसे पाहिले तर या घराण्याने माणसालाही उडवले आहे. अमेरिकेत जॉन मूडी याने आपल्या ग्लायडरला मॅककलॉकचे एक छोटे इंजिन बांधले आणि पायांनी धावत जाऊन तो हवेत गेला. मॅककलॉक ही कंपनी करवतींसाठीच नावाजलेली.

आता तुम्ही म्हणाल, मोटारसायकलचे इंजिन का नको? त्याचे उत्तर झाडावर आहे. फांदी कापणारा माणूस करवत आडवी धरतो, तिरकी धरतो, प्रसंगी उलटीही धरतो, तरी ती बंद पडत नाही. कारण तिच्या कार्ब्युरेटरात तरंगणारा गोळा नसतो, पातळ पडदा असतो. तो पेट्रोल ओढतो आणि मापून देतो, मग यंत्र कसेही असो. कोलांटी घेणाऱ्या विमानाला नेमके हेच लागते. शिवाय वजन कमी, आणि तेल पेट्रोलातच मिसळलेले, लिटरला वीस-पंचवीस मिलिलिटर.

काढून टाकायचे ते पुष्कळ आहे. पट्टी, साखळी, क्लच, साखळीला तेल पाजणारा पंप, दांडे, ओढून चालू करायची दोरी, सगळे गेले पाहिजे. 50 सीसीची करवत अशी सोलली की दोन किलोंच्या आसपास उरते. करवत मोकळी सोडली तर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. तिला वीस-बावीस इंची प्रोपेलर लावला की ती साडेसहा-सात हजारांवर येते. त्याने बिचकू नका, हेच हवे आहे.

प्रोपेलर कोणत्या टोकाला लावावा, यात नवखा माणूस हमखास चुकतो. क्लचच्या बाजूने पाहिले तर करवतीचा दांडा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. बाजारातला साधा प्रोपेलर समोरून पाहता त्याच्या उलट फिरणारा असतो. म्हणून तो फ्लायव्हीलच्या टोकाला लावावा. क्लचच्या टोकाला लावायचा हट्ट असेल, तर उलट्या पिळाचा शोधावा लागतो.

फ्लायव्हीलच्या टोकाला दांडा निमुळता असतो आणि त्यात नखाएवढी चावी बसवलेली असते. ही चावी फक्त जागा दाखवते, जोर पेलत नाही. जोर पेलते ती निमुळत्या अंगाची घट्ट पकड. हे मला पुस्तकाने नव्हे, माझ्या बोटांनी शिकवले. हब मी घाईने बसवला होता, घासून नीट जुळवला नव्हता. दोनतीनदा इंजिनाने उलटा हिसका दिला, चावी तुटली, हब किंचित सरकला आणि ठिणगी भलत्याच वेळी पडू लागली. पुढच्या फिरकीला प्रोपेलर मागे उसळला. जाड हातमोजा होता म्हणून दोन नखांवर भागले. करवतीचा मॅग्नेटो ठिणगी नेहमीच लवकर पाडतो. दोरीच्या जोरदार ओढीला ते चालते, हाताच्या हलक्या फिरकीला चालत नाही. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे, की मॅग्नेटोचा लोभ सोडावा आणि हबवर लहान चुंबक बसवून इलेक्ट्रॉनिक ठिणगी घ्यावी. ती मंद फेऱ्यांत आपोआप उशिरा पडते. बॅटरीचे थोडे वजन वाढते, वाढू द्या.

फ्लायव्हीलबरोबर त्याची वारा घालणारी पातीही जातात, हे विसरू नका. मग सिलिंडरला वारा प्रोपेलरचाच. नाकावर टोपण घातलेत, तर वारा बाहेर पडायची वाट आत शिरायच्या वाटेपेक्षा मोठी ठेवा.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच. येथे हवा सुमारे सहा टक्के विरळ, म्हणून मुंबईत जुळवलेले इंजिन येथे जास्त पेट्रोल पिते, धूर काढते. सुई थोडी आवळावी, पण थोडीच. फार आवळली की दट्ट्या तापून धरतो. उडवायचे दिवस भात काढल्यावरचे. घाटाच्या कड्यापाशी वारा गोते खातो, तेथे जाऊ नये. आणि लोणावळ्यात नौदलाची 'आयएनएस शिवाजी' आहे, देहूरोडला दारूगोळ्याचे कोठार. 2021 च्या ड्रोन नियमांत नमुना-विमानेही येतात, तेव्हा सरकारच्या नकाशात आपले शेत कोणत्या रंगात पडते ते आधी पाहावे.

पहिले इंजिन मात्र विमानात घालूच नका. जाड फळीवर बोल्टांनी आवळा, फळी जमिनीत पुरलेल्या खांबाला बांधा आणि दोनतीन टाक्या पेट्रोल जाळा. प्रोपेलरच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, पोरे तर नाहीच. ठिणगी तोडायचे बटण खांबाच्या मागे, हाताशी असावे. आणि बंद झाल्यावर हबचे बोल्ट पुन्हा आवळून पाहा. पहिल्या टाकीनंतर एखादा तरी सैल झालेला सापडतोच.