शैक्षणिक कर्जाचा अर्ज : मूल परगावी जाण्याआधी

(कंधार येथे दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला शैक्षणिक कर्जावर बोलावयास सांगितले आहे. मी बँकेत कारकून आहे, कर्ज मंजूर करणारा साहेब नाही. मी बी. ए. झालेला माणूस, व्याजाचा हिशोब मला कॉलेजने नव्हे, काउंटरने शिकविला. पण काउंटरच्या या बाजूला बसून जे दिसते ते पलीकडच्या बाजूने दिसत नाही, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

आपल्या तालुक्यातल्या एका गावचा मुलगा, नाव-गाव सांगत नाही. कॅप राउंडमध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. वडील मजुरी करतात. मुलगा पुण्याला गेला, एका नातेवाईकाच्या खोलीवर उतरला आणि कॉलेजजवळच्या बँकेत कर्ज मागावयास गेला. तिथे सांगितले, आई-वडील राहतात तिथल्या शाखेत जा. तो रात्रीच्या गाडीने नांदेडला, तिथून एसटीने कंधारला. इकडच्या एका शाखेत सांगितले, कॉलेज पुण्याला आहे, पुण्यातच मागा. पुन्हा पुणे. तिथे म्हणाले, बोनाफाईड आणि फीचे पत्रक आणा. पत्रक मिळाले तर वडिलांची सही नाही. वडिलांना पुण्याला न्यायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते. असे दीड महिना चालले. दीड महिन्यात वर्गात बरेच शिकवून होते, हे त्या मुलाला विचारा.

मी आज जे सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या कर्जाचा अर्ज परगावी सुरू होत नाही. तो कंधारात सुरू होतो, मूल एसटीत बसण्याच्या आधी.

पण त्याआधी कर्ज या शब्दाबद्दल बोलले पाहिजे. आपल्याकडे हा शब्द ऐकताच आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी सालगडी म्हणून उचल घेतली आणि अंगमेहनतीने फेडली. आजही ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडतात. आपल्या माणसांना कर्जाचा हाच प्रकार ठाऊक आहे, पैसा आधी आणि अंग गहाण. मग बाप म्हणतो, पोरगं शिकलं नाही तरी चालेल, पण डोक्यावर कर्ज नको.

अशा वेळी मी बाबासाहेबांचे उदाहरण सांगतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीने ते अमेरिकेला गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. पण तिच्यामागे करार होता, शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली त्यांना परत यावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहावयास जागा मिळाली नाही, हा इतिहास आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे शिल्लक टाकले, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेतली आणि नवल भथेना या आपल्या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. तेवढ्यावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला त्यांनी डी. एस्सी. मिळवली. शिकण्यासाठी उसने घेणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. त्यांनी पाहिले ते एवढेच की पैसा कोणत्या अटीवर मिळतो.

आता अटींकडे येतो. पहिली गोष्ट, कर्जाआधी शिष्यवृत्ती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी १९४२ साली अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. ज्यांच्या घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत आहे त्यांच्या शिकवणी फीचा भार तिच्यावर पडतो, तुमच्यावर नव्हे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून सुरू झालेली. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला तिच्यात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. ही रक्कम परत करावयाची नाही. तेव्हा जी फी शिष्यवृत्तीतून भागते तिच्यासाठी कर्ज काढू नका. एजंट असे कर्ज काढावयास लावतात. नांदेड-लातूरला बसून दूरच्या कॉलेजांची ॲडमिशन 'करून देणारे' लोक तुम्हांला ठाऊक आहेत.

मग कर्ज कशासाठी? शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो आणि मेसवाला थांबत नाही, यासाठी. लॅपटॉप, पुस्तके, खोलीचे भाडे, अनामत रक्कम यांसाठी. घरचे उत्पन्न मर्यादेच्या थोडे वर असून खिसा मात्र रिकामा, अशा घरांसाठी. आपल्यात शिपाई, शिक्षक, कंडक्टर झालेल्यांच्या घरी हीच स्थिती असते. पुष्कळांना वाटते की कर्ज फक्त फीपुरते मिळते. तसे नाही. बँकांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनने, २००१ साली जी नमुना योजना केली आणि पुढे सुधारली, तिच्यात वसतिगृहाचा खर्च, परीक्षा फी, पुस्तके-साहित्य, कॉम्प्युटर हे सगळे येते. वसतिगृह न मिळाल्यास बाहेरच्या खोलीचा आणि जेवणाचा वाजवी खर्चही धरता येतो. मात्र तो अर्जात लिहावा लागतो. फीचे पत्रक जोडून गप्प बसलात तर बँक फीच मंजूर करील.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. २०१५ पासून केंद्राचा हमी निधी आहे, त्याखाली साडेसात लाखांपर्यंतही तारण किंवा तिसऱ्या माणसाचा जामीन मागावयाचा नाही. 'सातबारा आहे का?' हा प्रश्न आपल्या माणसाला विचारला जातो तेव्हा तो खाली मान घालून परततो. मान खाली घालू नका. शांतपणे विचारा, साहेब, किती रकमेला सातबारा लागतो? आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, एवढे मात्र लागतेच. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल तर सज्ञान झाल्यावर त्याची पुन्हा सही घेतात, ते विसरू नका.

आता शाखेचे. त्या योजनेप्रमाणे शक्यतो आई-वडिलांच्या घराजवळच्या शाखेने कर्ज द्यावयाचे आहे. आणि तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही, या एका कारणावरून शैक्षणिक कर्जाचा अर्ज परत करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना कळविले आहे. अर्जाचा निकाल पंधरा दिवस ते महिनाभरात लागला पाहिजे. नकार द्यावयाचा तर शाखाधिकारी एकटा देऊ शकत नाही, वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते आणि कारण लेखी कळवावे लागते. मी बँकेतला माणूस असून सांगतो, तोंडी नकार हा नकारच नव्हे. त्या पुण्याच्या मुलाला चार वेळा 'नाही' म्हटले गेले आणि त्याच्या हातात एकही कागद नव्हता. अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का घ्या. पोच हातात असली की आमच्याही माणसांचा सूर बदलतो. महिन्यात उत्तर नाही आले तर बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि तिथेही महिनाभर काही न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला वकील लागत नाही, पैसाही लागत नाही.

अर्ज ऑनलाइन करण्यासाठी २०१५ साली विद्यालक्ष्मी पोर्टल आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी ही नवी योजना मंजूर केली. मानांकनात वरच्या ठरलेल्या संस्थांच्या यादीतल्या कॉलेजात प्रवेश असेल तर तारण नाही, जामीन नाही. सुरुवातीला ही यादी ८६० संस्थांची होती. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्के सवलत आहे, परंतु दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीचा लाभ मिळू शकणाऱ्याला ती सवलत नाही. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरांत असते, म्हणून मुद्दाम सांगितली.

आपल्या कामाची खरी योजना जुनीच आहे, २००९-१० पासूनची व्याज अनुदान योजना. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष, या मुदतीचे सगळे व्याज केंद्र सरकार भरते. एक हिशोब पाहा. चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचलला, व्याजाचा दर सोयीसाठी शेकडा दहा धरू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. एकूण १ लाख ४० हजार. अनुदान मिळाले तर फेड चार लाखांची, न मिळाले तर ५ लाख ४० हजारांची. दहा वर्षांची फेड धरली तर पहिल्यात हप्ता सुमारे ५,३०० रुपये आणि दुसऱ्यात ७,१०० च्या वर. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाच्या पगारातून दरमहा अठराशे रुपये ही लहान रक्कम नव्हे. आणि हा सगळा फरक तहसीलच्या एका उत्पन्नाच्या दाखल्यावर अवलंबून असतो, जो मूल परगावी गेल्यावर 'दिवाळीला आल्यावर काढू' म्हणून राहतो. कॉलेजला नॅकचे किंवा कोर्सला एनबीएचे मूल्यांकन आहे की नाही हेही प्रवेशाआधी पाहा. २०१८ पासून ती अट आहे आणि एजंट ती सांगत नाही.

दाखल्यांत जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र ही आपली जुनी दुखणी. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा निजामाच्या काळातला, उर्दूत निघतो. भाषांतर करून घेण्यात दिवस जातात. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या कामासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. अकरावीतच ही कामे हाती घ्या.

माता-भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट. बचत गट आणि मायक्रोफायनान्सची कर्जे तुमच्या नावावर असतात. त्यांचे थकलेले हप्ते सिबिलच्या नोंदीत दिसतात आणि मुलाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून तुमचे नाव आले की ती नोंद पुढे येते. केवळ सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. पण कंधारच्या माणसाने केरळच्या निकालावर विसंबून राहू नये. बारावीच्या वर्षी तरी ते हप्ते सुरळीत ठेवावेत, किंवा घरात ज्याची नोंद स्वच्छ आहे त्याची सही द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी. पुण्याला गेल्यावर कॉलेज सांगते म्हणून तुम्ही तिथे नवीन खाते उघडता आणि त्याला आधार जोडता. शिष्यवृत्तीचा पैसा आधारवर येतो आणि ज्या बँकेत आधार शेवटी जोडला तिथेच तो जातो. घरी वडील कंधारच्या पासबुकात नोंदी शोधत बसतात. तुमचे घरचे खाते छोटे खाते असेल, म्हणजे पूर्ण कागदपत्रांविना उघडलेले, तर त्यात एका वेळी ५० हजारांवर शिल्लक राहू शकत नाही. जाण्याआधी कागद देऊन ते पूर्ण करून घ्या. २०२१ पासून शिष्यवृत्तीतील केंद्राचा हिस्सा तुमच्याच खात्यात येतो, त्यातली फी तुम्ही कॉलेजला भरावयाची असते. बहिणीच्या लग्नात तो पैसा गेला आणि कॉलेजने निकाल अडविला, असे होऊ देऊ नका.

एखादे वर्ष गेले तर बँकेपासून लपवू नका. मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून देता येते. मधेच शिक्षण सोडले तर मात्र व्याज अनुदान जाते, आजारपणाचा अपवाद सोडून. खोली बदलली, मोबाईल नंबर बदलला तर शाखेला कळवा. थकबाकीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि कळते ते दुसरे कर्ज मागताना.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडूनही केंद्रीय महामंडळाचे शैक्षणिक कर्ज मिळते, व्याज बँकेपेक्षा कमी. त्याची चौकशी नांदेडच्या जिल्हा कार्यालयात करावी. मात्र दोन्हीकडे एकाच खर्चासाठी अर्ज मंजूर करून घेऊ नये.

मागच्या टेबलावर अर्जाचे कोरे नमुने ठेवले आहेत. ज्यांचे प्रवेश यंदा व्हावयाचे आहेत त्यांनी एकेक घ्यावा आणि घरच्या खर्चाचा रकाना पेन्सिलीने आजच भरून मला दाखवावा. जेवण होईपर्यंत मी तिथेच बसलेला आहे.