हातच्या मजुरीचा हिशेब



धंदा म्हटला कीं आपल्या लोकांच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो भांडवल. भांडवल लागतें, हें खरें. पण शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरांत एक भांडवल पिढ्यान् पिढ्या आहे, आणि तें रोज फुकट जातें. तें म्हणजे घरच्या माणसांचे हात. ह्या हातांची मजुरी वहींत धरली जात नाहीं, म्हणून आपला धंदा तरतो आहे कीं बुडतो आहे, हें धंदेवाल्यालाच कळत नाहीं. आज आम्हांस एवढ्या एकाच गोष्टीवर बोलावयाचें आहे.

कोल्हापुरी चपला करणाऱ्या एखाद्या घराचें उदाहरण घेऊं. आंकडे समजुतीपुरते आहेत. तुम्ही आपापले घालून पाहा. त्या घरानें चार जोड केले. कातडें, दोरा, तेल मिळून १,६०० रुपये लागले. चारी जोड व्यापाऱ्यानें २,८०० रुपयांना नेले. घरधनी म्हणतो, बाराशें रुपये सुटले! आतां त्याला विचारा, रापी किती दिवस चालली? तो म्हणेल, दोन दिवस. आणि वेणी कोणी घातली? कारभारणीनें, तीही दोन दिवस बसली होती. हींच दोघें दुसऱ्याच्या कामावर गेलीं असतीं तर? माणशीं रोज ४०० रुपये धरला तरी चार रोजांचे १,६०० झाले. माल १,६०० आणि मजुरी १,६०० मिळून खर्च ३,२०० रुपये. हातीं आले २,८००. म्हणजे ४०० रुपये त्यानें पदरचे घातले, आणि वर व्यापाऱ्याला रामराम करून हंसत घरीं आला! ज्याला तो नफा म्हणतो ती दोघांची मजुरी आहे, आणि तीही पुरी नाहीं.

कोणी म्हणेल, “घरच्या माणसानें केलें, त्याचे कसले पैसे?” बाबांनो, घरचें माणूस जेवत नाहीं काय? तें आजारी पडत नाहीं काय? त्याच्या घामाला किंमत नाहीं असें एकदां घरांत ठरलें, कीं बाजारांतही तेंच ठरतें. आणि येथें बाईचा रोज कमी धरूं नका. तिची बोटें वेणीवर बसलीं नाहींत तर जोड पुरा होत नाहीं.

शेतीचीही हीच गत आहे. पिकांच्या हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग १९६५ सालीं निघाला. त्याच्या हिशेबांत खर्चाच्या पायऱ्या आहेत. बीं, खत, औषध, भाड्याचीं अवजारें, गड्यांची मजुरी, असा जो खर्च प्रत्यक्ष करावा लागतो, ती पहिली पायरी. तिला ए-२ म्हणतात. घरच्या माणसांनीं शेतांत केलेल्या कामाची मजुरी ती दुसरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचें व्याज हेंही धरलें कीं झाला पुरा खर्च. त्याला सी-२ म्हणतात. २०१८ सालीं सरकारनें खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा केली, तेव्हां वाद पेटला तो ह्यावरच, कीं दीडपट कोणत्या खर्चाच्या? सरकारनें पहिल्या दोन पायऱ्या धरल्या. शेतकरी संघटना पुऱ्या खर्चावर अडून बसल्या. पाहा, वहींतली एक ओळ धरली कीं सोडली, एवढ्यावर लाखो घरांची भाकरी फिरते. सरकारी आयोग तुमच्या बायकोची खुरपणी खर्चांत धरतो, आणि तुम्ही स्वतः धरीत नाहीं, हें कसें?

वही दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे काय होतें, हें आपल्या मुलुखानें भोगलें आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले आणि त्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या. त्यांचा राग त्या कागदांवर होता, कारण तो कागद लिहीत होता दुसरा, वाचीत होता दुसरा, आणि अंगठा मात्र कुणब्याचा होता. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला व सावकारानें पावती आणि हिशेब द्यावा असें ठरलें. पण पावती वाचतां आली पाहिजे ना! जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन दिलें, त्यांत बहुजनांच्या मुलांसाठीं मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें मागितलें, आणि त्याच्या जोडीला हिशेब मागितला. ते स्वतः ठेकेदारीच्या धंद्यांत उतरलेले गृहस्थ होते. अक्षरापाठोपाठ आंकडा आला नाहीं तर कष्टकरी पुन्हा नागवला जाईल, हें त्या मागणीचें मर्म आहे.

आतां वही ठेवावी कशी? फार मोठी विद्या लागत नाहीं. पहिलें, घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एका डब्यांत ठेवूं नका. आतां गिऱ्हाईक मोबाईल पुढें करून पैसे देतें. पैसा डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तो लवकर सरतो. धंद्याचें खातें निराळें काढा आणि दर आठवड्याला आपली मजुरी त्यांतून उचला, तेवढीच उचला. दुसरें, अवजाराची झीज धरा. शिवणयंत्र असो, कुंभाराचें चाक असो, विहिरीवरची मोटार असो, तें एक दिवस बंद पडणारच; त्याच्या नांवानें दरमहा कांहीं बाजूला टाका. तिसरें, उधारी तारखेसह लिहा. सोयरा असला तरी लिहा. सोयरीक मनांत राहते, उधारी वहींत राहिली पाहिजे. चौथें, रोज दिवेलागणीला पोरीकडून अगर पोराकडून जमाखर्च लिहवा आणि महिनाअखेर सर्व घरानें बसून तो ऐका.

तुम्ही म्हणाल, आम्ही मजुरी धरूं हो, पण गिऱ्हाईक तेवढा भाव देतें कोठें? प्रश्न रास्त आहे. वही लिहिल्यानें भाव आपोआप वाढत नाहीं. पण कोणता माल तोट्याचा आहे हें कळतें. तो सोडून दुसरा धरतां येतो. घासाघीस करतांना कोठें थांबावयाचें हें कळतें. आणि एकट्यानें भागत नसेल तर दहा घरांनीं मिळून कातडें घाऊक आणावें, माल मिळून विकावा, हें सुचतें. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ह्या शेतकऱ्यानें धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीनें प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० सालीं तो चालू झाला. एकट्या शेतकऱ्याला जो भाव मागतां आला नसता, तो मागण्याचें बळ एकीनें आलें. पण अशी एकीही वहीवरच टिकते. कोणाचा किती ऊंस आला, काय वजन भरलें, कोणाला किती पैसे गेले, हें ज्या दिवशीं सभासद विचारीनासा होतो, त्या दिवशीं सहकाराला कीड लागते.

आणखी एक सांगून पुरें करतों. ज्याला घरच्या माणसाची मजुरी दिसत नाहीं, त्याला उद्यां धंदा वाढल्यावर गड्याचीही मजुरी दिसणार नाहीं. घामाची किंमत न मिळाल्याचें दुःख आपण जाणतों; तेंच दुःख दुसऱ्याच्या घरीं पोंचवूं नका.

तेव्हां मंडळी, ह्या आठवड्याच्या बाजारांत मीठमिरचीबरोबर एक वही आणा. पहिल्या पानावर घरांतल्या प्रत्येक कामकऱ्याचें नांव घाला, बायकांचें आधीं, आणि नांवापुढें त्याचा रोज लिहा. मग मालाचा भाव ठरवा.