आपले आपणच लिहिले पाहिजे
(पेण येथे, पेण व रोहा तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



चळवळ आणि वृत्तपत्रे यांविषयी माझे अनुभव सांगावेत, अशी आपण मला आज्ञा केली आहे. मी पुढारी नाही आणि विद्वानही नाही. पेणच्या खारेपाटातील एका भूमिहीन घरात माझा जन्म झाला. माझी आई दुसऱ्याच्या शेतावर लावणीस जाई. उधाणाचे पाणी चढून बांधाला खांड पडली की चिखल वाहावयास तीच पुढे असे. त्या बांधामागची एक गुंठाही जमीन आमची नव्हती. परंतु बांध फुटला आणि खारे पाणी शेतात शिरले, तर पहिली चूल आमच्या घरची विझत असे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते सर्व हिच्याशी निगडित आहे.

२००५ साली केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला. त्यानंतर उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील ४५ गावांची जमीन एका मोठ्या खाजगी प्रकल्पासाठी घेण्याचा घाट घातला गेला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र हे त्याचे नाव. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि इतर अनेक कार्यकर्त्यांनी गावोगावी सभा घेतल्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाला शेतकऱ्यांचे मत अजमावणे भाग पडले. आपल्या देशात जमीन घेण्यापूर्वी जमीनधारकास मतपेटीतून विचारले गेले, अशी उदाहरणे शोधूनच काढावी लागतील. निकाल अधिकृतपणे जाहीर करण्यास शासन धजले नाही. पण मत कोणत्या बाजूस पडले, हे लपून राहिले नाही. पुढे कायद्याने ठरविलेल्या दोन वर्षांच्या मुदतीत निवाडे झाले नाहीत आणि ते भूसंपादन बारगळले. हा विजय लहान नव्हता. त्या लढ्यात एक साधा कार्यकर्ता म्हणून माझा वाटा होता, याचा मला आजही आनंद आहे.

परंतु मतदानाच्या दिवशी सकाळी माझी आई केंद्राच्या बाहेर उभी होती, आत नव्हती. मत होते ते सातबारावर ज्याचे नाव त्याला. ज्याने त्या जमिनीवर चाळीस पावसाळे लावणी केली, त्याला मत नव्हते. आई मला एवढेच म्हणाली, “आपण सभेला होतो तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नाही की तुझा सातबारा कुठं आहे.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

त्या रात्री मी एक बातमी लिहिली. मतदान शांततेने झाले, लोकांनी निर्धार दाखविला, हे तर लिहिलेच. शेवटी चार ओळी अशा घातल्या की, शेतमजूर, कातकरी आणि बौद्ध वस्तीतील भूमिहीन कुटुंबे या लढ्यात पहिल्यापासून होती. जमीन गेली असती तर त्यांची रोजी गेली असती. परंतु त्यांचे मत घेतले गेले नाही. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. पुढाऱ्यांची नावे होती, घोषणा होत्या, माझ्या त्या चार ओळी मात्र नव्हत्या. मी त्या वृत्तपत्राच्या वार्ताहरास विचारले. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “अहो, ज्याची जमीन त्याची बातमी. तुमच्या ओळींना जागा कोण देणार?”

बंधूंनो, हे वाक्य मी अनेक वर्षे मनात बाळगले आणि त्यावर बराच काळ रागही धरला. पुढे मला उमगले की त्या वार्ताहराने मला आपल्या समाजाचा जुनाच अनुभव नव्या शब्दांत सांगितला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास त्या काळच्या एका बलाढ्य वृत्तपत्राने नकार दिला होता. पुढे याच आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपले लोक पाणी प्याले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठविण्यात आली आणि त्या आवईवरून आपल्या माणसांची डोकी फोडण्यात आली. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. आवईला उत्तर लाठीने दिले गेले नाही. ते छापील अक्षराने दिले गेले. पत्र चालविण्यास पैसा नव्हता, माणसे नव्हती. म्हणून बाबासाहेब बहुतेक मजकूर स्वतःच लिहीत.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आम्हा पेणकरांनी विसरू नये. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून निघाले. आपल्या पेणजवळच्या धरमतरावरून जाणारी वाट जवळची होती. परंतु तेथील मोटारवाल्यांनी ऐन वेळी गाड्या नाकारल्या तर काय, असा विचार झाला. म्हणून ते ‘पद्मावती’ बोटीने दासगावास गेले आणि तेथून महाडास चालत. दुसऱ्याच्या गाडीवर विसंबून राहिले नाही, म्हणून परिषद वेळेवर झाली. वृत्तपत्राचेही असेच आहे. दुसऱ्याच्या गाडीत जागा मिळाली तर जरूर बसावे. पण ती मिळाली नाही म्हणून प्रवास रहित करू नये.

येथवर मी दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता स्वतःचा सांगतो, कारण मला खरे शिक्षण त्याने दिले.

वार्ताहराच्या त्या उत्तरानंतर मी स्वतःच पत्रके काढू लागलो. एकदा आपल्या वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही मोर्चा नेला. हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातील बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते, हे दुःख आपणास ठाऊक आहेच. मोर्चात तीनशेच्या आसपास माणसे होती. पत्रकात मी लिहिले, तीन हजार. मला वाटले, मोठा आकडा पाहून अधिकारी घाबरेल. पुढच्या खेपेस निवेदन घेऊन गेलो तेव्हा त्या कचेरीतील अधिकाऱ्याने तेच पत्रक माझ्यापुढे ठेवले आणि शांतपणे विचारले, “हा आकडा खोटा आहे, हे तुम्हांलाही माहीत आहे. मग कोरड्या पडलेल्या विहिरींचा आकडा मी खरा का मानावा?” विहिरींचा आकडा खरा होता. पण मला उत्तर देता आले नाही. पाणी मिळण्यास त्यामुळे विलंब झाला आणि तो विलंब माझ्या डोक्यावरून नव्हे, बायांच्या डोक्यावरून वाहिला गेला.

वस्तीत परतलो तेव्हा आमच्या आत्याबाईंनी मला बोलाविले. त्यांना अक्षर ठाऊक नव्हते; नातीकडून त्यांनी पत्रक वाचवून घेतले होते. त्या म्हणाल्या, “बाळा, आम्ही चार टेम्पो भरून गेलो होतो. ते खरं होतं आणि पुरे होतं. आमच्या खऱ्याला तू खोट्याचं ठिगळ कशाला लावलंस?” विहारात आपण दर वेळी पंचशील म्हणतो. त्यातील चौथे शील मी लहानपणापासून म्हणत आलो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. बलवानाच्या खोट्याला पैसा सावरतो. दुर्बलापाशी सत्याखेरीज दुसरे भांडवल नाही. ते एकदा गमावले की मोर्चा कितीही मोठा असो, तो रिकामाच असतो.

त्यानंतरचा अनुभव रोह्याकडचा. कुलाबा जिल्ह्याच्या डोंगरांत कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे इंग्रजी अमलापासून दळीच्या जमिनी कसत आली. जमीन कसायची त्यांनी आणि कागद असायचा वनखात्याकडे. या जमिनींसाठी सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी दीर्घ काळ झुंज दिली. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि त्याच्या नियमांत एक मोठी गोष्ट आली. दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्या माणसाने केलेले कथन लिहून काढले, तर तेही पुरावा म्हणून धरावे, असे त्यात म्हटले आहे. ज्यांच्या शब्दाला शतकानुशतके किंमत नव्हती, त्यांचा शब्द कायद्याने कागदावर घेतला.

रोहा तालुक्यातील एका वाडीवर अशी कथने लिहून घेण्यास मी गेलो होतो. एका वृद्ध कातकरी गृहस्थाने आपल्या शेजाऱ्याच्या दळीची हकीकत सांगितली. लिहून झाल्यावर मी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. ते म्हणाले, “आधी वाचून दाखवा.” मी वाचले. त्यांनी मला दोन ठिकाणी थांबविले. मी नाचणी लिहिले होते. ते म्हणाले, त्या तुकड्यात वरी होती, नाचणी वरच्या अंगाला. मी आंब्याचे झाड लिहिले होते. ते म्हणाले, आंबा नव्हे, मोह. मी दुरुस्ती केली, पुन्हा वाचले, तेव्हा त्यांनी अंगठा उठविला. मला आत्याबाई आठवल्या. त्या वाडीवरील काही दावे मान्य झाले, काही रेंगाळले. पण मोहाच्या झाडावर कोणास बोट ठेवता आले नाही, कारण ते जागेवर उभे होते.

राजकारणाविषयीही दोन शब्द बोलतो. निवडणूक आली की आपल्या वस्तीत माणसे येतात. अमुक वस्तीचा अमुक उमेदवारास एकमुखी पाठिंबा, अशी बातमी लिहून दे, छापण्याचे आम्ही पाहतो, असे मलाही सांगण्यात आले. सोबत पाकीटही होते. घरात त्या वेळी अडचण होती, हे मी लपवीत नाही. मी नकार दिला, तो थोरपणाने नव्हे. वस्तीची बैठकच झाली नव्हती आणि आत्याबाई ती बातमी वाचवून घेतील, हे मला ठाऊक होते. भगिनींनो, ज्या वस्तीत वाचून घेणारी एक बाई आहे, त्या वस्तीचा कार्यकर्ता सहसा बिघडत नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. छापखान्याची गरज उरली नाही. बातमी क्षणात गावोगावी जाते आणि १९२७ सालच्या त्या आवईसारखी आवईही क्षणात जाते. भगवान बुद्धांनी कालामांना उपदेश केला की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. जातीविषयीचा, धर्माविषयीचा एखादा भडक मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी आपल्या तरुणांनी हा उपदेश स्मरावा.

हे सर्व मी आज का सांगत आहे? २०२४ साली उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांत नवे नगर वसविण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले आहे. जमिनीचा प्रश्न पुन्हा आपल्या दारी आला आहे. २००८ साली माझी आई केंद्राबाहेर राहिली. त्यानंतर २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला. त्या क्षेत्रात संपादनापूर्वी तीन वर्षे मजुरीवर, कुळ म्हणून किंवा कारागिरीवर ज्याचा मुख्य निर्वाह होता, असे भूमिहीन कुटुंबही त्या कायद्याने बाधित मानले आहे. हा कायदा जेथे लागू होईल तेथे आपल्याला बोलण्यास जागा आहे. पण तीन वर्षांचा हा निर्वाह दाखविणार कोण? सातबारा आपल्यासाठी बोलणार नाही. आपले आपणच लिहिले पाहिजे.

म्हणून माझी विनंती मोठी नाही. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कोण कोणाच्या शेतावर, कोणत्या हंगामात, किती दिवस कामास गेले, ते तिच्यात लिहा. कोठे अर्ज दिला, त्याची पोच आणि आवक क्रमांक लिहा. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. सभेला चाळीस माणसे आली असतील तर चाळीसच लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या हाती ती वही द्या आणि महिन्यातून एकदा विहारात ती मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना चूक दुरुस्त करण्याचा पहिला मान द्या.

माझी आई आता नाही. तिने किती पावसाळे लावणी केली, याचा दाखला कोणत्याही दप्तरात नाही. आमच्या वस्तीच्या वहीत मात्र पहिल्या पानावर तिचे नाव आणि तिच्या हातच्या शेतांची नावे लिहिली आहेत. ती आत्याबाईंनी सांगितली, त्यांच्या नातीने लिहिली आणि सर्वांसमोर वाचून दाखविली. कोणीही दुरुस्ती सुचविली नाही.

जय भीम!